तुझी झाडं हलवली

माय, मी राजस्थानात आहे, खडीच्या डोंगरावर. आज मशीन बंद आहे म्हणून लिहून राह्यलो. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, संभाळून घे. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी एका जागी टिकलो न्हाई. हॉटेल झालं, ट्रक झाला, मंग ही पोकलेन. दिवसभर डोंगर खरवडायचा आणि हिरवं दिसंल ते आधी बाजूला फेकायचं, हे माझं काम.

एक दिवस मला अजून बराबर दिसतो. तू चुलीपुढं बसून निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करतेस आणि पाय मुरगळलेली एक बाई भिंतीला टेकून बसलीय. पाला कमी पडला म्हणून मी ओढ्यावर पळत गेल्तो. पाला आणला, वरून तुला खूश करायला शतावरीचं झुडूप मुळासकट उपटून आणलं. तू ओरडली न्हाईस. 'काल सांगितलं होतंस का तिला?' एवढंच विचारलंस. बाईच्या पायाला पाला बांधला आणि मला ओढ्यावर नेऊन तेच झुडूप परत लावायला लावलंस. 'आपण हात जोडत न्हाई, हळदकुंकू वाहत न्हाई,' तू म्हणालीस, 'पण मूळ काढायचं तर आदल्या सांजेला सांगायचं. उद्या येते, अमक्याचं दुखतंय, बस. तिलाबी तयारीला वेळ पायजे.' मला हसू आलं. तू माझा कान धरलास आणि तूही हसलीस.

तुझ्यामागं लोकांचे मुरगळलेले हात-पाय बसवायचं आपली थोरली अक्का बघते. औंदा तिचा फोन आला, 'ओढ्याचं खोलीकरण आलंय. मायचं एक झुडूप राहत न्हाई. मंग मी लोकांना काय बांधू, चिंध्या?' मी सुट्टी टाकली, परतूरला उतरलो, दुपारी पोचलो तर मशीन आपल्याच काठावर उभी. ऑपरेटर माझ्याच वयाचा.

म्हणालो, 'भाऊ, मीबी पोकलेनच चालवतो. झाडं मुळासकट काढून बुद्धविहारामागं लावतो. पण उद्या.'

'आज का न्हाई?'

'आज त्यांना सांगायचंय.'

'कुणाला?'

'झाडांना.'

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. 'झाडांना तू सांगशील. ठेकेदाराला कोण सांगंल?'

बाजूच्या शेतातले म्हातारे पाटील बांधावर उभे होते. त्यांनी मनगट पुढं केलं. 'हे याच्या मायनं बसवलंय. ठेकेदाराला मी सांगतो. तू तोवर पलीकडचा काठ घे.'

सांजेला अक्का विहारातल्या बाया घेऊन आली. एकेक जण झुडपाजवळ उकिडवी बसून राह्यली. 'उद्या हलवतोय बाई, घाबरू नको.' एकीनं तर अडुळशाला पत्ताच सांगितला, बोअरच्या बाजूला, सावली आहे, पाणी आहे. पाटील कांडवेलीला आपल्या गुडघ्याचं सांगत बसले ते उठंचनात. अक्का म्हणाली, 'बाबा, आता झोपू द्या तिला.' काठावर एवढं हसलेलं मी कधी ऐकलं न्हाई.

सकाळी ऑपरेटर स्वतःच खाली उतरला. 'तूच बस. इतक्या लोकांनी सांगितल्यावर मला भ्या वाटतंय.' ज्या बकेटनं मी डोंगर फोडतो त्याच बकेटनं शतावरी मातीच्या गड्ड्यासकट उचलली, लेकराला पाळण्यातून उचलावी तशी. दुपारपर्यंत सगळी ट्रॅक्टरनं विहारामागं. दोन वाळली, बाकीची जगली. परवा अक्कानं फोटो पाठवला. अडुळसा पांढरा फुललाय आणि आष्टीहून आलेल्या एका बाईच्या घोट्याला तिथलाच निर्गुडीचा पाला बांधलाय. मी तो फोटो इथल्या सगळ्यांना दाखवला, जेवण वाढणाऱ्यालासुद्धा.

फक्त एक आहे. गोल पानांचं एक झुडूप बकेटमध्ये आलं तेव्हा अक्कानं विचारलं, 'हे काय रे?' सगळे बघून राह्यलते. मला बिलकुल ठाऊक नव्हतं. म्हणालो, 'हे मायचं खास. कशावर चालतं ते तिनं कुणाला सांगितलं न्हाई, म्हणून हात लावू नका.' आता बाया त्यालाच सगळ्यात जास्त पाणी घालतात. कमरेएवढं झालंय. नुसतं तण असलं तर, माय? हे पत्र गावाकडं गेलं की पहिल्यांदा अक्काच वाचंल. म्हणून इथंच मशीनच्या सीटखाली ठेवतो.