आबा, तुम्ही सही का केलीत?

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातच बोलत आले. आज कागद घेतला, कारण मला तुमचा राग आलाय. ज्याचा राग येतो ते माणूस भांडायला समोर लागतं ना! तुम्ही तर नाही.

तुमची सई यंदा सहावीत गेली. पेणच्या त्याच शाळेत, जिथं तुम्ही आयुष्यभर गाणं शिकवलंत. जूनमध्ये तिनं नवं वेळापत्रक माझ्यापुढं धरलं. "आई, गाण्याचा तास कुठाय? चित्रकलेचापण नाय." दोन्हींच्या जागी लिहिलं होतं, 'स्पर्धा परीक्षा सराव'.

तुम्ही निवृत्त झालात तरी शेवटपर्यंत शाळेत जाऊन फुकट शिकवत होतात. तुमच्यामागं चित्रकलेच्या पाटील बाई पेटी उघडून मुलांकडून जमेल तसं म्हणून घ्यायच्या. नवे सर कधी येणार, असं मी विचारलं की तुम्ही काय म्हणायचात, आठवतं? "येतील गो, दम धर."

मी दम धरला, आबा.

या वेळी मात्र मी अर्ज लिहिला. जोहे, हमरापूर, जिते, सगळीकडच्या आयाबाया गोळा केल्या. गणपतीचे दिवस जवळ आलेले, कारखान्यात मूर्तींचं रंगकाम जोरात. तरी हात पुसून आल्या बिचाऱ्या. ज्या गावांत घरोघरी ब्रश चालतो, तिथल्या पोरांना शाळेत चित्रकला नको? आम्ही मुख्याध्यापिका बाईंसमोर उभ्या राहिलो आणि मी छाती काढून म्हणाले, "माझे वडील असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं!"

बाई उठल्या, कपाटातून फाईल काढली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला.

'माझ्या निवृत्तीनंतर संगीत शिक्षकाचे पद रद्द करण्यास माझी हरकत नाही.' खाली तुमची सही. नावाखाली दोन टिंबं देऊन ओढलेली ती रेघसुद्धा!

माझ्या खांद्यावरून बाकीच्याही वाचत होत्या. फाटकाशी आमच्यातली सुमन माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे गो. तुझ्या बापसानंच दिलाय लिहून, आपन काय बोलनार?"

त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जित्याहून गाडी पकडली ती थेट रोह्याला, आईकडे. आई वाल सोलत होती. मी विचारल्यावर तिचे हात थांबले. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "त्यांना हापिसात बोलावून सांगितलं, एकच पद टिकंल. गाणं ठेवायचं की चित्रकला, तुम्ही सांगा. पाटील बाई तेव्हा नव्या होत्या. हे म्हनले, चित्रकलेवर त्या पोरांची पोटं भरतील. गाणं काय, घरीपन येतं."

गाणं काय, घरीपण येतं! असं तुम्ही म्हणालात? तुम्ही?

आई सांगत होती, चार दिवस तुम्ही पेटीला हात लावला नाहीत, आणि मला सांगायचं नाही अशी आईला शपथ घातलीत. मग तुमच्या निरोप समारंभात मी माइकवरून म्हणाले, "आबांच्या जागी नवे सर येतील आणि माझी सई त्यांच्याकडे शिकेल," तेव्हा तुम्ही टाळ्या का वाजवल्यात? खाली मान घालून वाजवत होतात. मला वाटलं, भरून आलंय.

शाळेनं तुम्हाला फसवलं, हे मला कळतं. पण तुम्ही मला का फसवलंत? एकदा म्हणाला असतात, "हरलो गो पोरी," तर मी काय कमी मान दिला असता?

पालकसभेत मी उभी राहिले आणि तुमचा तो कागद स्वतःच वाचून दाखवला. कारणही सांगितलं. मग विचारलं, "गाणं सोडलं ते चित्रकलेसाठी. मग चित्रकला कुठं गेली?"

"ते तोंडी बोलणं होतं," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "लेखी काही नाही."

मागच्या बाकावर पाटील बाई बसल्या होत्या. त्यांना आता गणिताला लावलंय. त्या उठल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या. "सरांनी माझ्यासाठी? मला कुणी कधी सांगितलंच नाही हो!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "मी अर्जावर सही करते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो."

आबा, चित्रकलेचा एक तास परत मिळाला. शनिवारचा. गाण्याचा नाही. तिथं तुमची सही आडवी आली.

सई रोज विचारते, आजोबांनी असं का केलं? मी तिला सगळं सांगणार आहे. तुमचा चांगुलपणा आणि तुमचा खोटेपणा, दोन्ही. घरात लपवाछपवी आता पुरे. आणि गाण्याच्या तासासाठी दर महिन्याला अर्ज देईन. पहिली सही माझी असेल, माहेरच्या नावानं, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की कुणाची मुलगी मागतेय. सईची शाळा संपली तरी देत राहीन. वचन देते. तुमच्यासारखं 'येतील, दम धर' म्हणून नाही. खरंखुरं.

तुमच्यावर रागावलेली, तरीही तुमचीच,
माधुरी