पत्र्याखालची एक एमएमची तार

सर, परवा मी बदनापूरला शाळेच्या बाईंच्या घरी जाऊन आले. तेच घर, ज्याच्या मागच्या अंगाला बाईंनी दोन पत्र्याच्या खोल्या नव्यानं काढल्या होत्या, आणि त्यांचं वायरिंग तुम्ही वायरमनच्या वर्गातल्या एकुलत्या एका मुलीवर, म्हणजे माझ्यावर, सोपवलं होतं. बाईंचा फोन आला, "सुनेला मागच्या खोलीत कूलर लावायचाय, तूच ये." मागच्या खोलीबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते, आणि तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होत आली.

काम केलं होतं थंडीत. पुस्तकातल्या तक्त्यात एक एमएमच्या तारेपुढे तिला किती करंट झेपतो याचा जो आकडा होता, त्यात दिवा, पंखा, इस्त्री सगळं आरामात बसत होतं. पत्र्याला लागून नळी टाकली, तारा ओढल्या, सकाळच्या पारी सगळं चालू करून तारेला हात लावला तर गार. बाईंनी पोहे केले. मी जालन्याला परत येताना रेल्वेत उगाच पक्कड हातात धरून बसले होते, लोकांना दिसावी म्हणून. तुम्ही मात्र काम पास केलं नाही. "मे लागू दे, मंग बघू," एवढंच म्हणालात. मला तो अपमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग मे महिना, दुपारचे दोन. तुम्ही शिडी लावता आणि मला म्हणता, "वर जा. पत्र्याखाली दहा मिनिटं डोकं धरून दाखव." मी जाते. चार मिनिटांत कानशिलं तापतात. "लई गरम हाये, सर." "तुला गरम व्हतंय, मंग तारंला न्हाई व्हत का? ती तर बाराही महिने तिथंच बसून राह्यली." बाई दारात उभ्या राहून हसतात आणि मला रडू येईल असं वाटतं. मग तुम्ही आवाज खाली घेऊन सांगता, "तारंवरचं प्लास्टिक सत्तर डिग्रीपर्यंत दम धरतं. त्यातले साठ तर पत्राच खातो. राह्यले किती? दहा. त्या दहात तुझा करंट बसला पाहिजे. हा तक्ता गार मुलखाचा हाये. आपल्या पत्र्याखाली त्यातला आकडा निम्मा धरायचा, आन् मंग तार निवडायची." दोन्ही खोल्यांतली तार काढून अडीच एमएमची टाक, आणि आजच टाक, असा हुकूम झाला. तुम्ही ओसरीवर बाईंच्या मालकांशी बोलत बसलात.

पुढची खोली मी बदलली. मागच्या खोलीत शिडी लावली आणि चार पायऱ्यांनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली. शिडीला मिठी मारून कशीबशी खाली उतरले, जमिनीवर बसले. तुम्हाला हाक मारता आली असती. पण संस्थेत आधीच बोललं जात होतं की पोरीला हे काम झेपायचं नाही, आणि एक शब्द बोलले असते तर मीच तो खरा केला असता. बाहेर येऊन म्हणाले, "झालं, सर. दोन्ही खोल्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बाईंकडून तांब्याभर पाणी मागून माझ्या हातात दिलंत. उरलेलं तारेचं बंडल उचललंत, हातात जरासं तोललंत आणि पिशवीत टाकलंत.

पास झाले तेव्हा तुम्ही मला तुमचा तक्ता दिलात, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, छापील आकड्यांवर काट मारून शेजारी लाल पेन्सिलीनं आपल्या मुलखाचे आकडे लिहिलेला. घनसावंगीची शाळा, कुंभार पिंपळगावचा दवाखाना, कुठंही तार निवडताना मी तो उघडते. पण इतकी वर्षं तो उघडला की मागची खोलीही आठवायची. उन्हाळ्यात कुठं तार जळून आग लागल्याचं कानावर आलं की आधी गावाचं नाव विचारायची. बदनापूरला मात्र गेले नाही. आधी भीती होती, नंतर नुसती लाज.

परवा गेले ती मुद्दाम दुपारी. बोर्ड उघडला तर मागच्या खोलीच्या फ्यूजवर लाल रंगाचा ठिपका, आत केसासारखी बारीक तार, भार वाढला की आधी तीच वितळावी अशी, आणि झाकणाला आतून चिकटवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी. 'या खोलीत दिवा व पंखाच. जाड तार घालू नये.' अक्षर तुमचं. मी बाईंकडे बघितलं. "अगं, तू काम करून गेली, त्याच आठवड्यात सर आल्ते," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत इस्त्री लावली की फ्यूज जायचा, मी लई चिडायचे. म्हणलं, दुसऱ्या कुणाकडून तार बदलून घ्या, खर्च मी देते. तर म्हणले, न्हाई बाई, जिनं टाकली तिलाच काढू द्या, ती येईल. दर उन्हाळ्याला येऊन हात लावून बघायचे."

सर, मी बाईंच्या समोर रडले, आणि मग शिडी लावली. जुनी तार ओढून काढली. प्लास्टिक कडक झालं होतं, वाकवलं की तडकत होतं, पण कुठं काळं पडलं नव्हतं. नळी पत्र्यापासून हातभर खाली आणली आणि चार एमएमची तार टाकली. अडीच पुरली असती बहुतेक, पण या वेळी मला सढळ हातानं टाकायची होती. दोन तास कूलर, पंखा, इस्त्री सगळं चालू ठेवलं आणि उन्हाच्या ऐन तावात तारेला हात लावला. हात तिथंच ठेवता येत होता. बाईंची सून कूलरपुढे बाळाला घेऊन बसली आणि ते पाच मिनिटांत झोपलं.

माझ्या हाताखाली आता तिघी जणी आहेत. पत्र्याखाली काम असलं की दर दहा मिनिटांनी खाली उतरायचं आणि पाणी प्यायचं, हा माझा नियम आहे, आणि उतरताना कुणीही कारण सांगायचं नसतं.

हे पत्र तुमच्या तक्त्याच्या मागे ठेवते आहे, धाडायचं तरी कुठं. उरलेल्या बंडलाच्या वजनावरूनच तुम्हाला खोटं कळलं होतं, एवढं परवा समजलं. त्याचं कारण मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. मला चक्कर आली होती, सर.