माझ्या माघारी माझा फोन कोणाच्या चेहऱ्याने उघडावा, याबाबत

मी, ऋतिक गोविंदा हनवते, वय चोवीस, शिक्षण सातवी पास (आठवीत तीन महिने बसलो, धरायचे तर धरावे), कायमचा राहणार ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, सध्या मुक्काम किशनगड, राजस्थान, काम संगमरवराचे पालिश, आज पूर्ण शुद्धीत आहे. ताप नाही, दारू घेतलेली नाही, कोणी मानगुटीवर बसून लिहून घेत नाही. डोकं ठिकाणावर आहे की नाही याबद्दल माझ्या आईचं मत वेगळं आहे, पण कायद्यापुरतं ते ठिकाणावर आहे. तरी मी राजीखुशीने, माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की,

हे कसं लिहायचं ते मी उमरखेडला तहसीलसमोर बसणारे बापूजी अर्जनवीस यांना फोन करून विचारलं. ते आधी घाबरले.

"काहून बे, मरायले निघाला काय?"

"नाही बापूजी. तब्येत मस्त हाय. दगड उचलून राह्यलो."

"मंग चोवीस वर्साच्या पोट्ट्यापाशी वाटायले हाय काय?"

"मोबाईल हाय."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग कामाचं बोलले. वस्तू कोणती अन् कोणाले ते साफ लिही. ज्याले काही देशीन त्याले साक्षीदार करू नको. कारण लिहायची गरज नसते. पण बापूजी, माझ्याकडे वस्तू थोड्या आहेत, कारणंच जास्त आहेत, म्हणून ती लिहितो. तुम्ही सल्ल्याचे काही घेतले नाही, याबद्दल आभारी आहे.

कलम पहिले. ढाणकीचं घर आई, म्हणजे पंचफुलाबाई गोविंदा हनवते, हिच्या नावावर आहे. जे माझं नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही. बँकेत जे असेल ते आईचं. तिथे वारस म्हणून तिचंच नाव लावलेलं आहे, वेगळं भांडण करू नये.

आईला द्यायची आणखी एक गोष्ट आहे. बाबा गेल्यावर तिने लोकांच्या वावरात कापूस वेचून आम्हा दोन भावांना वाढवलं. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं अशी घासली की राशनच्या मशीनवर अंगठा लागत नसे. दुकानदार म्हणायचा, "पंचफुला, पूस नीट." ती लुगड्याला पुसायची, फुंकर मारायची, परत ठेवायची. मशीन परत नाही म्हणायची. मागे लाईन, अन् मी तिच्याजवळ पिशवी धरून उभा. एकदा घरी येताना मी चिडून बोललो, "सही शिक ना माय, जनमभर अंगठेबहाद्दर राह्यतं का कोणी?"  ती मला म्हणाली, पिशवी दुसऱ्या हातात घे, हात दुखन.

ते बोलणं मी या कलमाने परत घेतो. कारण आता माझाही अंगठा कुठेच लागत नाही.

कलम दुसरे. माझं पालिशचं मशीन, नट आवळायचे दोन पाने व पाण्याचा पाईप. इथे मी फरशीच्या कडा काढतो. पाणी सोडायचं, मशीन फिरवायचं, मग हातात कागद घेऊन घासायचं आणि बोटाने चाचपून पाहायचं की कड गुळगुळीत झाली का. दगड गुळगुळीत होता होता बोटही होते. चार महिन्यांत माझ्या फोनने अंगठा ओळखणं सोडलं. मग हजेरीच्या मशीनने सोडलं. ठेकेदार ओरडला, "तेरा अंगूठा कहाँ गया?" मी म्हणालो, "आपके पत्थर में गया, सेठ." लोक हसले, त्याने अर्धी हजेरी कापली. ती अर्धी हजेरी मी ठेकेदाराला माफ करतो. माझा अंगठाही त्यालाच ठेवतो, कारण बराचसा त्याच्याच दगडात गेला आहे.

नंतर चेहऱ्याची मशीन आली. ती चांगली आहे, तिचे उपकार मानतो. फक्त एक, दगडाच्या भुकटीने सगळे पांढरे झालो की ती कोणालाच ओळखत नाही. म्हणून इथे आम्ही काम सुटल्यावर आधी तोंड धुतो, मग हजेरी देतो, मग घरी फोन लावतो.

मशीन मी आधी तेजारामला देणार होतो. माझ्या खोलीतला, नागौरचा. पण साक्षीदार दुसरा कोणी मिळेना. त्याला सांगितलं, मशीन घेशील तर सही करता येणार नाही. तो म्हणाला, "मशीन रख तेरे पास. तू कौन सा मर रहा है." म्हणून त्याची सही खाली आहे, आणि मशीन त्याला नाही. पूनमसिंगच्या जागेवर जो नवीन येईल त्याला ते द्यावे.

कलम तिसरे. पूनमसिंग कोण ते आता लिहितो. हे मृत्युपत्र त्याच्यामुळे आहे.

तो आमच्याकडे आठच दिवस होता. मध्यप्रदेशचा, एवढंच माहीत. आधारची झेरॉक्स उद्या आणतो, उद्या आणतो म्हणायचा. माझ्या बाजूच्या ओट्यावर कडा काढायचा. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फरशीच्या थप्पीवर आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. वय माझ्याएवढं असेल.

पिशवीत कपडे आणि बिस्किटाचा पुडा. कागद एक नाही. गाव कोणतं, घरी कोण, कोणाला ठाऊक नाही. सगळं फोनमध्ये, आणि फोनला कुलूप. त्याचा अंगठा लावून पाहिला, तो तर जिवंतपणीच लागत नव्हता. तोंडासमोर धरला, डोळे मिटलेले, फोन नाही म्हणाला. एकाने पापण्या उघडायचा विषय काढला. आमच्या जुन्या हरदेव मिस्त्रीने त्याला अशी शिवी घातली की तो दोन दिवस दिसला नाही. मग त्याला दवाखान्यात थंड पेटीत ठेवलं. फोन मी चार्जिंगला लावून उशाशी घेऊन बसलो, कारण पोलिसांनी सांगितलं की वाजला तर उचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाजला. वर लिहिलं होतं, अम्मा.

फोन उघडायला अंगठा लागते नाही तर चेहरा लागते. उचलायला काहीच लागत नाही. हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

तिकडून बाई म्हणाली, "पूनम, रोटी खा ली?"

मला दुसरं काही बोलताच आलं नाही. मी म्हणालो, "हाँ अम्मा, खा ली."

 ती म्हणाली, "तू पूनम नहीं है. पूनम कहाँ है?"

चार शब्दांत ओळखलं. पुढचं हरदेव मिस्त्रीने सांगितलं, माझ्याच्याने झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा काका गाडी घेऊन आला आणि पूनमसिंग आपल्या घरी गेला. त्या माऊलीने त्या दुपारी फोन केला, म्हणून गेला.

कलम चौथे. माझा मोबाईल. काळ्या रंगाचा, काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली. माझ्या मालकीची हीच खरी वस्तू. आत मी जिथे जिथे राहिलो तिथले फोटो आहेत, सुरत, हैदराबाद, मंगळूरचा समुद्र, इथले पांढरे डोंगर. आई म्हणते तुह्या पायाले भिंगरी हाय. ते फोटो तिला दाखवावेत, म्हणजे भिंगरी कुठे कुठे फिरली ते तिला कळेल.

हा मोबाईल मी माझा लहान भाऊ सुगत गोविंदा हनवते याला देतो. तो माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. दोन वर्षांपासून आमचं बोलणं बंद आहे. बोलणं याच फोनवरून बंद झालं, म्हणून तेही लिहून ठेवतो, उद्या कोणी भलतं सांगू नये.

मी तेव्हा गावी होतो. आम्ही दोघांनी मिळून ढाणकीच्या बाजारात मोबाईल रिपेरिंगचं दुकान टाकायचं ठरलं होतं. काम सुगतला येतं, गिऱ्हाइकाशी बोलणं मला. त्याने पाटीसुद्धा रंगवली, ऋतिक-सुगत मोबाईल. माझं नाव आधी. आणि मी, कोणाला न सांगता, हैदराबादचं तिकीट काढलं. मला एका जागी बसवतच नाही, काय करावं.

मी आंघोळीला गेलतो. फोन खाटेवर होता. सुगतने उचलला, अन् तो उघडला. आम्ही दिसायला सारखे, लहानपणी मास्तर त्याचा मार मला देत. फोननेही तेच केलं. तिकीट समोरच होतं. मी बाहेर आलो तर आई दारात माझी बॅग मांडीवर घेऊन बसलेली.

मी त्याला म्हणालो, "चोट्ट्या, माहा फोन काहून उघडला?"

"म्या नाही उघडला. त्यानं मले पाह्यलं अन् तो उघडला."

"दुसऱ्याच्या फोनसमोर थोबाड नेलंच कायले?"

"तिकीट कोणाले इचारून काढलं? पाटीवर रंग वल्ला हाय अजून!"

मी त्याला थापड मारली. आईच्या मांडीवरून बॅग ओढली आणि गेलो. एस.टी.त बसल्या बसल्या चेहऱ्याचं कुलूप बंद करून अंगठ्याचं लावलं. मनात म्हणालो, चेहरा याचा-माझा एक असेल, अंगठा तर माझा एकट्याचा आहे. तो अंगठा इथल्या दगडापुढे चार महिनेही टिकला नाही.

आता लिहितो. चोर तू नव्हतास. लपवलं मी होतं. थापड चुकीच्या गालावर बसली. आई सांगते की तू दुकान एकट्याने चालवतोस आणि पाटीवरचं माझं नाव रंगाने पुसलंस. बरोबर केलंस. पाटीवर माझा काही हक्क राहिलेला नाही, या कलमाने तो सोडतो. तू आईजवळ राहिलास, राशनच्या लाईनीत तिच्यासोबत तू उभा राहतोस, म्हणून मी एवढ्या लांब निवांत हिंडू शकतो. हे मी कधी बोललो नाही. खरं म्हणजे माझ्या जवळ जे काही आहे ते त्यामुळेच आहे, आणि तुझे आभार मानायला मला पूनमसिंग मरावा लागला.

फोनवर आता परत चेहऱ्याचं कुलूप आहे. तू समोर धरलास की उघडेल. दाढी वाढवली असेल तर आधी कर. नाहीच उघडला तर आपल्या दारावर रंगाने लिहिलेला घरनंबर दोनदा टाक, इथे आकडा लिहीत नाही, ठेकेदाराचा भरवसा नाही.

कलम पाचवे, आणि शेवटचे. पूनमसिंगनंतर इथल्या सगळ्यांनी फोनच्या कव्हरमागे घरचा नंबर लिहून ठेवला. मीही कागद फाडून घेतला आणि बसलो. आईकडे फोन नाही, अन् मला लावायला ती तुझा मागत नाही. ती दर रविवारी काकाच्या पोरीच्या, अपेक्षाच्या फोनवरून लावते. मी हिशोब केला. रविवारी मेलो तर त्याच दिवशी कळेल. सोमवारी मेलो तर सहा दिवस थंड पेटीत. आणि अपेक्षाचं तर फाल्गुनात लग्न आहे.

मग तुझा नंबर लिहिला. पाहावा लागला नाही, पाठ आहे. पण तू मला ब्लॉक केलं आहेस की काय ते माहीत नाही, अन् लावून पाहायची हिंमत झाली नाही. पोलिसांचा अनोळखी नंबर तू उचलशील की नाही, तेही माहीत नाही.

अंत्यविधी ढाणकीलाच करावा, बुद्धवंदना घ्यावी, जेवणावळ करू नये.

हे मृत्युपत्र मी पोस्टाने सुगतच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवत आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की माझ्या मृत्यूनंतरच उघडावे. पण मी तुला ओळखतो. तू ते आल्याबरोबर फोडशील, आणि म्हणशील, म्या नाही फोडलं, ते आधीच उसवेल होतं.

तर फोडलंच असशील, तर मी अजून जिवंत आहे. काम संध्याकाळी सहाला सुटते. सव्वासहापर्यंत मी तोंड धुतलेलं असते. माझा फोन उचलायला अंगठा लागत नाही, चेहरा लागत नाही. फक्त वाजावा लागतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना हिंदीत समजावून सांगितला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : ऋतिक गोविंदा हनवते

डाव्या अंगठ्याचा ठसा : (बापूजींच्या सांगण्यावरून सोबत लावला. रेघा उमटत नाहीत, निळा डागच दिसतो. अंगठा माझाच आहे, साक्षीदारांनी पाहिले आहे. आईचाही असाच उमटतो.)

साक्षीदार १ : हरदेव मिस्त्री
साक्षीदार २ : तेजाराम, खोली नंबर चार (मशीन न घेता)

ठिकाण : किशनगड
दिनांक : २ नोव्हेंबर २०२५, रविवार, आईचा फोन येऊन गेल्यावर

मोबाईल नंबर : तोच. दोन वर्षांत बदललेला नाही.