गुरुवारचा इंग्रजी वर्ग, सभासद पाच

१ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.५०
आजपासून साडेपाचला उठायचं ठरलं होतं. उठलो. म्हणजे जाग आली. बाहेर बर्फ पडत होता, त्यामुळे पुढचा भाग राहिला. तरी शास्त्रीयदृष्ट्या उठलोच.

हे महत्त्वाचं आहे, कारण माझ्या इंग्रजी संभाषण वर्गाच्या हँडआऊटमधलं पहिलं वाक्य आहे: 'आय गेट अप ॲट हाफ पास्ट फाइव्ह.' रोजच्या दिनक्रमावर एकूण चोवीस वाक्यं. दात घासतो, पेपर वाचतो, कुत्र्याला बागेत फिरवतो. अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा अर्क. वर्गातले पाचही जण घडाघडा म्हणतात. कुत्रा कुणाकडेच नाही, पण वाक्य निर्दोष आहे.

संध्याकाळी ६
नागरी सभागृहाच्या मॅनेजर बाईंचा निरोप. एप्रिलनंतरही खोली हवी असेल तर १४ मार्चपर्यंत अर्जावर सहीच्या जागी पाच सभासदांच्या आडनावांचे शिक्के उमटायला हवेत. चार नाही चालणार. आपल्याकडे बरोब्बर पाच. काळजीचं कारण नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार
सभागृहाच्या वरच्या मजल्यावर ओनोदेराने दर मंगळवारी इंग्रजी गप्पांचा वर्ग काढलाय. ओनोदेरा! बावीस वर्षं मालवाहू जहाजावर खानसामा होता. क्रियापदाचा काळ म्हणजे काय, याचं त्याला सोयरसुतक नाही.

मला मत्सर वाटत नाही. सहज म्हणून खालच्या वाचनालयात पेपर वाचत बसलो, दोन तास. वरून सारखा हसण्याचा आवाज. इंग्रजीत हसण्यासारखं काय आहे? माझ्या वर्गात अडतीस वर्षांत कुणी हसलं नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार
ताकिगुची बाईंचा (तोफूचं दुकान) गुडघा दुखतोय, काही दिवस जमणार नाही म्हणाल्या. गोड वड्यांचा खोका दिला, सुंदर कागदात बांधलेला. 'आजवर सरांनी फार सांभाळून घेतलं,' असं म्हणून तीनदा वाकल्या. गुडघा दुखत असताना तीनदा! केवढा आदर.

घरी फुमिए म्हणाली, "अहो, असा खोका लोक निघताना देतात."

बायको वर्गातली सभासद असली की असं होतं, जास्त बोलते. ओनोदेराला आजवर किती खोके मिळाले याची मी चौकशी केली. एकही नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
वाचनालयात जिन्यासमोरच्या खुर्चीला उजेड चांगला. तिथून ताकिगुची बाई दोन-दोन पायऱ्या चढताना दिसल्या. डॉक्टरांनी गुडघ्याला व्यायाम सांगितला असणार.

वरचा नोटीस बोर्ड बरेच दिवस वाचला नव्हता, म्हणून वर गेलो. दार उघडं होतं. बाई बोलत होत्या: 'येस्टरडे मदर-इन-लॉ टीथ, नो! सर्च, सर्च. टीथ इन तोफू वॉटर!' क्रियापदाचा पत्ता नाही. मला वाटलं, ओनोदेरा आता तरी चूक दाखवेल. तर तो म्हणतो, 'ओ नो! हू बॉट दॅट तोफू?' वर्ग हसून लोळला. एका भिकार वाक्यावर चौघांनी चार प्रश्न विचारले आणि बाईंनी चारही प्रश्नांची उत्तरं दिली.

सासूबाईंनी ते दात धुऊन पुन्हा लावले का, हे मलाही विचारायचं होतं. पण मी नोटीस बोर्ड वाचत होतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
हामासाकी, निवृत्त पोस्टमास्तर. गुरुवारी जरा काम निघालंय म्हणाले. विचारलं, दर गुरुवारी का? हो म्हणाले, जरा दर गुरुवारी. या वयात माणसाला काम मिळालं, आनंद आहे. तांदळाच्या चकत्यांचा खोका. खोका क्रमांक दोन.

निश्चय: वर्ग आधुनिक करायचा. संभाषण नैसर्गिक हवं. नवं हँडआऊट तयार. प्रत्येक वाक्यानंतर जोडीदाराने म्हणायचं, 'रिअली?' चोवीस वाक्यं, चोवीस 'रिअली?'. ओनोदेराला हे सात जन्मांत सुचणार नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
आज तिघीच: नागाई भगिनी आणि फुमिए. थोरल्या नागाई म्हणाल्या की मी कुत्र्याला फिरवते. धाकटी म्हणाली, 'रिअली?' थोरली आपल्या भाषेत म्हणाली, अगं, आपल्याकडे कुठलं कुत्रं? धाकटी म्हणाली, सरांनी लिहिलंय ना. मग दोघी खुदुखुदु हसत राहिल्या. शिस्तीसाठी टेबल वाजवावं लागलं.

जाताना स्पंज केकचा खोका. दोघींत मिळून एकच, पण मोठा.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
वीस जणांच्या खोलीत मी आणि फुमिए. मी इंग्रजीत विचारलं, तू सकाळी काय करतेस? ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही का?" हँडआऊट सोडू नको, असं सांगितलं. मग म्हणाली, 'आय गेट अप ॲट हाफ पास्ट फाइव्ह.' ती खरंच साडेपाचला उठते. दारातला बर्फही तीच काढते. हे ध्यानात आलं तेव्हा 'रिअली?' म्हणायची माझी पाळी होती. पण मी तिचे उच्चार सुधारत होतो.

७ मार्च, गुरुवार
सकाळी जेवणाच्या टेबलावर खोका. फुमिएने दोन्ही हातांनी पुढे केला. 'आजवर फार सांभाळून घेतलंत,' म्हणाली. मंगळवारी वर जाणार आहे.

मी विचारलं, वर्ग सोडतेस की घर? नक्की काय ते कळायला हवं.

"घर सोडून कुठे जाऊ? तुमच्याकडे कोण बघणार?"

चेस्टनटच्या वड्या निघाल्या. माझ्या आवडीच्या. सगळ्या संपवल्या, आणि त्यानंतर फार एकटं वाटलं.

९ मार्च, शनिवार
स्टेशनरीच्या दुकानात आडनावांचे तयार शिक्के मिळतात. उगीच बघितले. ताकिगुची होता. नागाई होता. कुवाबारा, म्हणजे आमचा, घरी आहेच. हामासाकी नव्हता. दुकानदार म्हणाला, मागवून देतो. नको म्हटलं. अजून इतका खाली आलेलो नाही. शिवाय यायला दहा दिवस लागतात.

१२ मार्च, मंगळवार
वर गेलो, पाहणीसाठी. ओनोदेराने खुर्ची दिली आणि विचारलं, सर, आज सकाळी काय केलंत?

मी ठणठणीत आवाजात म्हणालो, 'आय गेट अप ॲट हाफ पास्ट फाइव्ह.'

खिडकीपासून फुमिए म्हणाली, 'रिअली?'

कुणी हसलं नाही. तेच वाईट. मग तोंडातून निघून गेलं, 'नो. सेव्हन फोर्टी. स्नो... वाइफ फिनिश.' हामासाकींनी विचारलं, 'यू नो हेल्प?' नो. 'व्हाय?' मी म्हणालो, 'बेड... व्हेरी वॉर्म.' आता हसले. धाकट्या नागाईने विचारलं, वाइफ अँग्री? मला माहीत नव्हतं. मी फुमिएकडे बघितलं. 'लिटल,' ती म्हणाली. 'थर्टी इयर्स, लिटल.'

सहा वाक्यं बोललो. सहाही चुकीची. इतका आनंद मला इंग्रजीत कधी झाला नव्हता, आणि तो ओनोदेराच्या खोलीत व्हावा याचा भयंकर राग आला.

१४ मार्च, गुरुवार
मॅनेजर बाईंना अर्ज कोराच परत केला.

१९ मार्च, मंगळवार
ओनोदेराने मला नवशिक्यांच्या टेबलावर बसवलं. ताकिगुची बाई मुद्दाम उठून आल्या. "मनाला लावून घेऊ नका, सर. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं."

फुमिए खिडकीकडच्या टेबलावर असते. पुढे गेलेल्यांच्या. काहीतरी सांगत होती आणि सहा माणसं पुढे वाकून ऐकत होती. ओनोदेराने हातातला चहा खाली ठेवला होता. माझ्या टेबलापर्यंत एक शब्द पोहोचला नाही.

घरी येताना विचारलं, एवढं काय सांगत होतीस?

"काही नाही हो. रोजचंच."