मेमरी टाकल्यावर

१० नोव्हेंबर, रविवार

रात्रभर झोप नाय. कॉम्प्युटर परत अडकला, फॉर्म अर्धाच राहिला, आणि ह्यांनी हात उचलला. कान अजून दुखतोय. दिपा तीन वर्षांची, ती पण दचकून उठत होती.

चूक माझीच. दोन वर्षांमागं दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, त्याच्या डब्यावर हळदकुंकू वाहिलं. अक्षता फटीतून आत गेल्या. हे म्हणतात, तवापासून मशीन मेली. लोकांचे दाखल्याचे फॉर्म भरतात त्यावर. आमचं घर त्यावरच चालतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हे तहसीलला गेले. मी रिक्षात डबा घातला, दिपाला घेतलं, खांदा कॉलनीत काशिरामकाकांच्या दुकानात गेले. त्यांनी डबा उघडला. धूळ, आणि चार तांदूळ! मी मान खाली घातली. माझ्या पूजेनंच बिघडला का, विचारलं.

"वहिनी, पूजेनं बिघडत असता तर माझं दुकान कवाच बंद पडलं असतं. ह्याला मेमरी कमी हाय. चार कामं एकदम दिली की गुदमरतोय."

त्यांनी मेमरी वाढवली. म्हणाले, चालू व्हायला तेवढाच वेळ लागंल, जुनाच हाय. पण मधी अडकणार नाय.

माझ्यामुळं नव्हतं तर!

१३ नोव्हेंबर

तीन फॉर्म झाले. एकदा पण अडकला नाय. ह्यांनी दिपाला मांडीवर घेतलं. आता सगळं नीट होईल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल शेवटचा फॉर्म गेला. पावती पण निघाली. कॉम्प्युटर फटाफट चालत होता. मंग हे उठले आणि मारलं. कशाला, ते सांगितलं पण नाय. दिपा मधी आली — तिला पण लागलं.

दोन वर्षं मी त्या डब्याला दोष दिला. गणपतीत माझा भाऊ अंकुशदादा मला न्यायला आला होता. मीच परत पाठवला. मीच म्हणाले, मशीन जुनी हाय दादा, म्हणून त्यांचं डोकं फिरतं. तो दारात किती वेळ उभा होता. का नाय गेले मी?

१७ नोव्हेंबर

माझा फोन ह्यांनी काढून घेतला. बाहेरून कडी लावून जातात. ही वही खिडकीतून गल्लीत टाकते. ज्याला मिळंल त्यानं माझ्या भावाला, अंकुशला, फोन करा. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिवलाय. सांगा, मशीन चांगली हाय. सांगा, दिपाला आधी उचल.