डिस्ट्रॉय करायचं टेबल

१० नोव्हेंबर
पार्लरवालीने केस डिस्ट्रॉय केले म्हणून सूनबाई रडली. काल तिचा मूड डिस्ट्रॉय झाला होता, परवा डाएट. डिक्शनरी काढली. डिस्ट्रॉय म्हणजे पुन्हा जोडता येणार नाही असं मोडणं. केस काय, महिन्यात वाढतील. कॉलेजात जाऊन हिने दिवे लावले. माझी शाळा चौथीत सुटली, पण मी शब्द कुठेही फेकत नाही.

११ नोव्हेंबर
चिरंजीवांना मागच्या खोलीत ऑफिस थाटायचंय. ह्यांचं सुतारकामाचं टेबल आडवं येतं. म्हणाला, आई, रविवारी भंगारवाला येईल, मनाला लावून घेऊ नकोस. मी कशाला लावून घेऊ? माणूस गेला, तिथे लाकडाचं काय कौतुक! म्हटलं, भंगारवाल्याच्या आधी मीच डिस्ट्रॉय करते. शब्द चपखल बसला. दोघं एकमेकांची तोंडं बघत राहिली. अडाणी.

१२ नोव्हेंबर, दुपारी
आज मोडणारच होते. पण धूळ केवढी! पुसून घेतलं. तेलाचा हातही फिरवला. कोरडं लाकूड मोडताना कुसं लागतात.

१३ नोव्हेंबर
स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरले. एक स्क्रू नाही, एक खिळा नाही! सांध्यात सांधा अडकवून वर लाकडी पाचर ठोकलेली. इतकी वर्षं ह्यावर कपड्यांच्या घड्या घातल्या, कधी खाली वाकून पाहिलं नाही. सूनबाई डोकावली. आई, मदत करू? म्हटलं, तुला पाचर म्हणजे काय ते ठाऊक आहे का? नाही म्हणाली. काय बोलायचं ह्या पिढीला!

१४ नोव्हेंबर
पाचरा ठोकून काढल्या. सगळं सुटं झालं. प्रत्येक सांध्याच्या आत ह्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. डावा पुढचा. उजवा मागचा. चिरंजीव म्हणाले, वा आई, डिस्ट्रॉय! म्हटलं, गाढवा, ह्याला सुटं करणं म्हणतात.

१५ नोव्हेंबर, रविवार
भंगारवाल्याला अर्धवट माल देणं बरं नव्हे. सगळे तुकडे आहेत ना, एवढंच पाहायला पहाटे जोडून पाहिलं. डगमगणाऱ्या पायाला नवी पाचर मारली. भंगारवाला म्हणाला, मावशी, हे अख्खं दारातून निघायचं नाही. मग सोडवून न्या, म्हटलं. त्याने हातोडी मागितली. चिरंजीवांनी घर पालथं घातलं. नाही सापडली. शेवटी टेबलावरच लॅपटॉप मांडून बसले.

हातोडी माझ्या उशीखाली आहे. मला कुणी विचारलं नाही.