पलंगावर टाइमप्लीज

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम म्हटलं. निदान चिडून तरी उत्तर देशील. फोन उचलत नाहीस, दादाला दारातूनच परत पाठवतेस. तुझी लाडकी भाची भाजून दवाखान्यात आली, तेव्हापासून तू एकदाही इकडे फिरकली नाहीस. हे पत्र दादा तुझ्या दाराखालून आत सरकवेल. न वाचता फेकू नकोस.

आधी खुशाली. भिंगरीच्या खांद्यावरची जखम भरत आलीय, छातीवरचीला अजून वेळ लागेल. डाग राहतील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. त्याचं काय रडायचं ते मी रडून घेतलं. आता ती जेवते, भांडते, शेजारच्या पलंगावरच्या मुलीला वाकुल्या दाखवते.

आल्या आल्या डॉक्टरांनी मला विचारलं, हिला नळाखाली कोणी धरलं? मी म्हटलं, आत्याने. शेजारणी टूथपेस्ट घेऊन धावल्या, तर तू कुणाला हात लावू दिला नाहीस, तेही सांगितलं. त्या पाण्यामुळे पुष्कळ वाचलं, म्हणाले. हे तुला सांगायचं राहूनच गेलं. खरं सांगू? राहिलं नाही, सांगावंसं वाटलं नाही. राग आला होता मला तुझा. वाफाळता चहा टेबलावर ठेवून ही बया दार उघडायला जातेच कशी, हेच डोक्यात घोळत होतं. मग दादावर राग, मग स्वतःवर, की मी तेव्हा आंघोळीलाच का गेले.

इथे एक समुपदेशक बाई आहेत. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची ओढत येतात, म्हणून आम्ही सगळे आईबाप त्यांना खुर्चीवाल्या बाई म्हणतो. मला वाटलं, आता उपदेशाचे डोस पाजणार. तर पहिला प्रश्न, जेवलात का? नाही म्हटल्यावर मला कँटीनला पिटाळलं आणि मी येईपर्यंत स्वतः भिंगरीपाशी बसल्या. मग मी तुझ्या नावाने बोटं मोडली, तेही त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चूक कुणाची, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. बोलता बोलता माझा राग कधी ओसरला, मलाही कळलं नाही.

मोठ्या सिस्टर म्हणजे नुसती तोफ. पहिल्या ड्रेसिंगला मी भिंगरीचे पाय धरायला गेले, तर मला बाजूला केलं. धरायला आम्ही आहोत, तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर राहा, म्हणाल्या आणि हातात साबणाच्या फुग्यांची बाटली दिली. फुगे उडवायला पोरं लांब श्वास सोडतात, त्याने दुखणं जरा सोसवतं म्हणे. मी इतका जीव तोडून फुंकते, की परवा सिस्टर म्हणाल्या, अहो आई, हळू, तुम्हालाच ऑक्सिजन लावायची पाळी यायची!

आणि सिस्टरांचा एक नियम आहे. ड्रेसिंग, सुई, जे काही दुखणार ते ड्रेसिंगच्या खोलीत. पलंगावर कुणी काही दुखवायचं नाही. पोरांना त्या सांगतात, पलंगावर टाइमप्लीज. काल मोठे डॉक्टर विसरून सुई घेऊन पलंगापाशी आले. भिंगरी जी काही ओरडली टाइमप्लीज! सिस्टरांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. गेले बिचारे निमूट.

आता मुद्द्याचं. खुर्चीवाल्या बाईंनी भिंगरीला बाहुली आणि पट्ट्या दिल्या. तिने बाहुलीला पट्टी बांधली आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. का गं, विचारलं, तर म्हणे, हिने टेबलावरचं कापड ओढलं, आत्याचा चहा सांडला, म्हणून आत्या रागावलीय, येत नाही. तिकडे तू स्वतःला कोंडून घेतलंस, आणि इकडे एवढीशी पोर गुन्हेगारासारखी बसलीय. मी सांगून पाहिलं, दादाने सांगून पाहिलं, तिला पटत नाही. बाई म्हणतात, आत्याने स्वतः आल्याशिवाय पटायचं नाही. मघाशी तिने सिस्टरांना विचारलं, आत्या माझ्या पलंगावर बसली तर तिलाही टाइमप्लीज का? सिस्टर म्हणाल्या, हो तर, तिलाही. तेव्हापासून ती पलंगाच्या एका कडेला सरकून झोपलीय, अर्धी जागा मोकळी ठेवून. ये गं.

वाट बघणारी,
तुझीच वहिनी